हजार पोच

हेमांगीताई शिंगटे अकोल्याच्या मंगळ-संपर्क केंद्रात सकाळपासून बसून होत्या. समोरच्या पडद्यावर ‘पोच क्रमांक नऊ’ अशी अक्षरं उमटली आणि त्यांचं डोकंच फिरलं. त्यांची मुलगी रेवती मंगळावरच्या वसाहतीत बेशुद्ध पडली होती. मेंदूत रक्ताची गाठ. डॉक्टरांनी नातेवाइकाची संमती मागितली, हेमांगीताईंनी ती लगेच दिली, ती तिकडे मिळालीसुद्धा. तरी शस्त्रक्रियेला मुहूर्त लागत नव्हता.

“अहो बोंद्रेसाहेब, मी हो म्हटलं, त्यांनी ऐकलं. आता अडलंय कुठं?”

केंद्राचे अभियंते बोंद्रे निवृत्तीला टेकले होते. रोज कुणाला तरी हेच समजावून सांगताना त्यांचा जीव मेटाकुटीला येई.

“त्यांनी ऐकलं हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून त्यांची पोच. ती तुम्हाला मिळाली हे त्यांना कळायला हवं, म्हणून तुमची पोच. वाटेत कुठलाही निरोप हरवू शकतो, ताई. त्यामुळे शेवटची पोच पाठवणारा कायम अंधारातच. याला अंत नाही.”

“मग पूर्वी कसं चालायचं?”

“एकोणीसशे सत्तरच्या दशकात ज्यांनी इंटरनेटचा पाया घातला, त्यांनाही हा पेच ठाऊक होता. निरोपाचे तुकडे करून पाठवायचे, तुकडा हरवला तर पुन्हा पाठवायचा. आणि बोलणं सुरू करायला फक्त तीन निरोप. ऐकतोस का? ऐकतो, तू ऐकतोस का? मीही ऐकतो. पुढं विश्वास ठेवायचा. शहाणी माणसं होती.”

पुढच्या पिढ्यांना हे शहाणपण पचलं नाही. एक निरोप हरवला, कुणाचा तरी भलताच पाय कापला गेला, आणि कायदा झाला: हजार पोच पुऱ्या झाल्याखेरीज संमती ग्राह्य नाही. पृथ्वीवर हजार पोच चहा ओतेपर्यंत होतात. कायदा करणाऱ्यांनी तेवढंच पाहिलं. मंगळाला सध्या एकेका निरोपाला चौदा मिनिटं लागत होती. हजारांना जवळजवळ दहा दिवस. डॉक्टरांनी मुदत दिली होती दोन दिवसांची. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मंत्रालयाला विनंती केली, तर अर्ज विचाराधीन असल्याचं उत्तर आलं.

“दुसरा काहीच मार्ग नाही?”

बोंद्र्यांनी चष्मा पुसला. “एक आहे. जाळ्यात पोच मागणाऱ्या निरोपांबरोबर बिनपोची निरोपही असतात. साध्या पोस्टकार्डासारखे, पेटीत टाकले की आपण मोकळे. नातं सोडल्याची सूचना बिनपोची जाते, कारण तिला समोरच्याची संमती लागत नाही. रेवतीला कुणी नातेवाईक नाही असं ठरलं, की डॉक्टर आपल्या अधिकारात शस्त्रक्रिया करू शकतात.”

“म्हणजे मी तिला बेवारस करायची.”

“हो. आणि ते मागे घेता येत नाही.”

नवऱ्यामागे एकटीनं वाढवलेली मुलगी. संताप काढावा तरी कुणावर, हे हेमांगीताईंना कळेना. त्यांनी माइक जवळ ओढला. “रेवती शिंगटे माझी कुणी नाही,” त्या म्हणाल्या. निरोप गेला. पडद्यावरचा पोचांचा आकडा पुसला गेला; त्यांची संमतीही त्याबरोबर रद्द झाली.

“पोचेल ना?”

“सौरवादळ चालू आहे, तिनातला एक हरवतोय. पुन्हा पाठवा. नव्यानं बोलावं लागेल, तेच रेकॉर्डिंग पाठवलं तर यंत्र नक्कल म्हणून टाकून देतं.”

त्या पुन्हा बोलल्या. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळेनंतर बोंद्रे म्हणाले, “झालं, ताई. आता विश्वास ठेवा.”

“निदान शस्त्रक्रिया सुरू झाली का, एवढं विचारा.”

बोंद्र्यांनी प्रश्न टाकला. अकोल्याच्या यंत्रानं तो पुढं पाठवलाच नाही. रुग्णाची माहिती फक्त नातेवाइकांना मिळत असे.

हेमांगीताई माइककडे वळल्या. संध्याकाळी केंद्र बंद होईपर्यंत ‘रेवती शिंगटे माझी कुणी नाही’ हे वाक्य त्या एकशे बारा वेळा बोलल्या होत्या, आणि उद्या केंद्र किती वाजता उघडतं, हे बोंद्र्यांना विचारत होत्या.