लाल ठिपक्याचं कुलूप

दुपारचे तीन वाजले होते आणि डिटेक्टिव्हला नुसता एक जबाब हवा होता. परक्या देशात येऊन चार दिवस झाले, कागदपत्रं पाहून झाली, आता मेलेल्या मेकॅनिकच्या कामावरच्या जोडीदाराशी बोललं की परतीचं विमान. पंचवीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस तो. भुताखेतांनी त्याला कधी त्रास दिला नव्हता, ते काम माणसांनीच चोख केलं होतं.

प्रकरण छोटं होतं. सात मजली ऑफिसच्या इमारतीत मेकॅनिक लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरला, लिफ्ट चालू झाली आणि तो गेला. अहवालात लिहिलं होतं, की मृतानं मेन स्विचला कुलूप लावलंच नव्हतं.

हे त्याच्या ताईला पटत नव्हतं. "घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघायचा तो," ती डिटेक्टिव्हला म्हणाली होती. "लोक आईला सांगतात, स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला. तिला घास उतरत नाही हो. तो खरंच विसरला का, तेवढं फक्त शोधून काढा." आणि भावाच्या खिशात सापडलेली किल्ली तिनं त्याच्या हातावर ठेवली होती. किल्लीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. सगळ्यांची कुलपं सारखीच दिसतात, म्हणून भावानं परदेशी निघताना कुलपावर आणि किल्लीवर तिच्याकडूनच ठिपके काढून घेतले होते.

लिफ्टच्या मशीनची खोली सर्वात वर होती. आत ग्रीसचा आणि तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता. जोडीदार आपलीच भाषा बोलणारा निघाला. तो आणि मृत सहा वर्षं एका खोलीत राहिले होते. काम सुरू करायला जोडीदारानं मेन स्विच बंद केला, आपलं कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आमचा कायदा आहे साहेब. आत उतरणाऱ्यानं आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली घेऊनच उतरायचं. तो बाहेर आल्याशिवाय त्याचं कुलूप दुसऱ्या कुणी काढायचं नाही."

"आणि तो लावायचं विसरला?"

"हो," जोडीदार भिंतीकडे बघत म्हणाला.

डिटेक्टिव्हनं वहीतून मान वर केली. स्विचला दोन कुलपं लटकत होती. दुसऱ्यावर लाल ठिपका होता.

"हे कुणाचं?"

जोडीदाराचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हालाही दिसतंय...?"

मग त्यानं हत्यारांची पिशवी पुढे ओढली आणि जमिनीवर उपडी केली. आठ कुलपं पडली. सगळी कडीत कापलेली, सगळ्यांवर लाल ठिपका.

"इथला स्विच बंद केला की ते माझ्या कुलपाशेजारी येतं. मी कापतो. पुढच्या वेळी पुन्हा..." त्यानं एक गंजलेलं कुलूप उचललं. "हे पहिलं. त्या दिवसाचं. लिफ्ट बंद म्हणून मॅनेजर फोनवर शिव्या देत होता. मला वाटलं, हा किल्ली खिशात घेऊन जेवायला गेला. हाक मारली मी... एकदाच. कानाला आवाज अडवणारे मफ लावून काम करायचा तो. मी कुलूप कापलं, साहेब."

डिटेक्टिव्हनं ताईनं दिलेली किल्ली काढली आणि स्विचवरच्या कुलपाला लावली. कुलूप सहज उघडलं. हातात ते कोमट लागलं. त्यानं कुलूप आणि किल्ली रुमालात गुंडाळून खिशात घातली, जिन्यात येऊन फोन लावला.

"ताई, तो विसरला नव्हता. त्यानं कुलूप लावलं होतं."

पलीकडे बराच वेळ फक्त रडणं ऐकू आलं. "आईला सांगते," ती अखेर म्हणाली. "तेवढी त्याची किल्ली जपून आणा हं."

"आणतो," म्हणत त्यानं खिसा चाचपला. रुमाल हाताला लागला. रुमालात काहीच नव्हतं.

तो धावत आत आला. लाल ठिपक्याचं कुलूप स्विचवर होतं, घट्ट लागलेलं. किल्ली कुठेच नव्हती. जोडीदार जागचा हललेला नव्हता, त्याची नजर शाफ्टच्या झडपेवर खिळली होती. खालून, खूप खालून, पाना नटावर फिरल्याचा आवाज येत होता... थांबत होता... पुन्हा येत होता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. मॅनेजरचा असणार. लिफ्ट इतका वेळ बंद का, म्हणून.

जोडीदारानं कटर उचलला. "साहेब... कापू?"

डिटेक्टिव्हनं कटर काढून घेतला.

"किल्ली घेऊन उतरलाय तो," तो म्हणाला. "बाहेर येईपर्यंत थांबायचं."

दोघं जमिनीवर बसून राहिले. फोन वाजून वाजून बंद पडला. खाली पाना शांतपणे फिरत होता. काम अजून बरंच उरलेलं असावं.