टॅन्सीचा दारूपरवाना

पाटी तिसऱ्यांदा आडवी झाली, तेव्हा टॅन्सीचा धीर सुटला. “उभी राहा की गं बाई!” ती पाटीवरच खेकसली.

“खड्डा उथळ झालाय. तिचा काय दोष?” मागून कुणीतरी म्हणालं.

भुरभुर पावसात ट्रकमधून एक उंच तरुण उतरला होता. बाह्या दुमडलेल्या, ओठांवर दाबलेलं हसू... त्याने तिच्या हातातला हातोडा अलगद घेतला आणि चार घावांत पाटी ताठ केली. पाटीवर लिहिलं होतं – ‘टॅन्सी मॅबरी, केटरर, यांनी समारंभांत दारू वाढण्याचा परवाना मागितला आहे. हरकत असल्यास नगरसभेत यावे.’ अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या त्या चिमुकल्या बेलमी गावात नियम साधा होता. राज्याचा कागद नंतर, आधी गावाचा होकार. आणि त्या होकाराआधी पंधरा दिवस पाटी रस्त्यावरून दिसलीच पाहिजे.

“आत या ना, चीजची बिस्किटं आत्ताच भट्टीतून काढलीत,” टॅन्सी म्हणाली.

तो चटकन दोन पावलं मागे सरकला. “नको! मी एमेट स्ट्रिकलँड. तुमच्या अर्जावर मत देणाऱ्या पाचांपैकी एक. मत देईपर्यंत तुमच्याकडचं पाणीसुद्धा चालायचं नाही.”

“आणि हातोडा चालतो?”

“तो... चुकून झाला.” त्याचे कान लालबुंद झाले.

पण मग तो रोजच चुकू लागला. संध्याकाळी पीचच्या बागेतून घरी जाताना त्याचा ट्रक बरोब्बर पाटीपाशी थांबायचा.

“पाटी उभी आहे ना, बघायला आलो.”

“पाटी तिकडे आहे, साहेब. तुम्ही बघताय तिथे मी आहे.”

“दोघीही ठीक दिसताय,” तो पुटपुटायचा आणि पळ काढायचा. पंधरा दिवसांत त्याने बिस्किटाचा कण खाल्ला नाही. टॅन्सीला आधी गंमत वाटली, मग राग आला, आणि मग... मग तिला साडेपाच वाजायची वाट बघायची सवय लागली.

तिचं सगळं त्या परवान्यावर अडलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून तिने हा धंदा मांडला होता. जूनमध्ये गावातलं सर्वांत मोठं लग्न होतं. शँपेनही तुम्हीच वाढणार असाल तर जेवण तुमचं, नाहीतर आम्ही अटलांटाहून माणसं आणू, असं नवरीच्या आईने तोंडावर सांगितलं होतं. हे लग्न हातचं गेलं, तर पुन्हा शाळेतली पातेली घासणं आलंच.

नगरसभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. दोन सभासद टॅन्सीच्या बाजूने होते. हॉलिसकाका विरुद्ध, आणि मिस ओडेसा तर चाळीस वर्षं दारूच्या प्रत्येक अर्जाला ‘नाही’ म्हणत आलेल्या. म्हणजे सगळं एमेटवर! टॅन्सी निर्धास्त होती.

एमेट उभा राहिला. हातातली टोपी त्याने पार चुरगाळली होती.

“मी मत देऊ शकत नाही.”

“कारण?” महापौरांनी चष्म्यावरून पाहिलं. “इतिवृत्तात काय लिहू?”

“लिहा... अर्जदारावर माझं प्रेम आहे.”

हॉलमध्ये एकच गलका झाला. मत न देणाऱ्याने बाहेर जायचं, असा नियम. तो मान खाली घालून निघून गेला, दार लागलं. टॅन्सीचं काळीज आधी आनंदाने उसळलं आणि मग धपकन खाली बसलं. दोनास दोन म्हणजे अर्ज फेटाळलाच!

महापौर मात्र नियमाचं पुस्तक चाळत होते. “अर्जदाराशी नातं असेल तरच मत देता येत नाही. एकट्याने प्रेम करणं म्हणजे काही नातं नव्हे,” ते म्हणाले. “मिस मॅबरी, तुमच्या मनात तसं काही नाही ना? ‘नाही’ म्हणा, लगेच आत बोलावतो त्याला.”

एक शब्द! एका शब्दात परवाना, लग्न, सगळं तिचं होणार होतं. टॅन्सीने बंद दाराकडे पाहिलं. हातातलं मत त्याने खरेपणासाठी सोडलं होतं. असा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्याच्याबद्दलच खोटं बोलायचं?

“आहे,” ती म्हणाली. “माझ्याही मनात आहे. त्याला बोलावू नका.”

मतं झाली. दोन हात वर, हॉलिसकाकांचा खाली. मिस ओडेसांनी मांडीवरची पर्स सावकाश बाजूला ठेवली.

“पोरी, नवरीचा बापच झिंगला आणि आणखी पेला मागायला लागला, तर देशील?”

“नाही, मॅडम.”

“तुझं बिल तोच देणार आहे म्हटलं.”

“असू दे. गाडीची किल्लीसुद्धा काढून घेईन.”

म्हातारी बाकीच्या सभासदांकडे वळली. “दारू मला आजही विषच वाटते. पण जिला आत्ता एक खोटं बोलवलं नाही, ती पेल्याच्या बाबतीतही खोटं करायची नाही. लोक पिणारच असतील, तर हिच्या हातून पिऊ देत.” आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात वर गेला.

टॅन्सी धावतच बाहेर आली. एमेट बाकावर डोकं धरून बसला होता.

“तीनास एक,” ती धापा टाकत म्हणाली. “मिळाला!”

तो उडालाच. “मग डोळ्यांत पाणी कशाला?”

“तुम्ही बाहेर आल्यावर महापौरांनी विचारलं, माझ्याही मनात काही आहे का...”

एमेट जवळ सरकला. “आणि... काय सांगितलंस?”

“आतल्या साठ माणसांना ठाऊक आहे,” तिने त्याचा हात हातात घेतला. “फक्त तुला सांगायचं राहिलंय.”