पलीकडची कडी

दार उघडेना. तिने आधी हलकेच ढकललं, मग खांद्याने, मग ब्रश तोंडातच ठेवून दोन्ही हातांनी. तोंडात पेस्टचा फेस, खांद्यावर टॉवेल आणि रात्रभर बसमध्ये बसून आंबलेलं अंग. दार आतून बंद आणि आत कुणाचीच चाहूल नाही. ना पाण्याचा आवाज, ना साधा खोकला.

"अहो, आत कोण आहे?" असं तिने फेसातून विचारलं, म्हणजे विचारायचा तिचा बेत होता. बाहेर आला तो नुसता घरघराट.

हे सगळं चिक्कूमुळे झालं होतं. चिक्कू ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. आता मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. नाव वर्गाने ठेवलेलं, आणि ते खोटं ठरणार नाही याची काळजी चिक्कूने आजवर घेतली होती. दोन दिवसांची ही शहराची सहल तिनेच आखली. रात्रीच्या बसने यायचं म्हणजे एका रात्रीचं भाडं वाचतं, फिरायचं पायी, आणि बघायचं ते फुकट. खोलीही तिनेच शोधलेली, आणि त्या खोलीच्या वाट्याला बाथरूम अर्धंच होतं. दोन खोल्यांच्या मधोमध एक बाथरूम, दोन्हीकडून दार. आत गेलं की समोरच्या दाराची कडी लावायची आणि बाहेर पडताना आठवणीने काढायची. मालकीणबाईंनी आत ठळक अक्षरांत तशी पाटीसुद्धा लावली होती.

शेजारच्या खोलीतल्या माणसाने आत जाऊन यांच्या दाराची कडी लावली होती आणि ती न काढताच तो कुठेतरी निघून गेला होता.

"येईल गं," चिक्कू पलंगावर आडवी पडत म्हणाली. "माणूस विसरतो."

"माणूस विसरत नाही, पुरुष विसरतो," ती म्हणाली, आणि चूळ भरायला मागच्या अंगणातल्या नळाकडे निघाली.

तिचा राग हा असा तयारच असायचा. जन्मतः नव्हता, वर्षभरातला होता. जमलेलं लग्न होतं तिचं. तो नोकरीसाठी लांब गेला, जाताना "आलो की बोलू" म्हणाला, आणि आलाच नाही. भांडण नाही, निरोप नाही, नकारसुद्धा नाही. तिने काही दिवस फोन केले, मग मानीपणाने तेही सोडलं. पण तो आला की त्याला काय काय ऐकवायचं ते सगळं तिने मनात तयार ठेवलं होतं. रोज झोपताना त्यात एखादं वाक्य वाढायचं. ऐकणारा येत नव्हता, म्हणून मग दूधवाला, बसकंडक्टर, दुकानातली गिऱ्हाइकं, ज्याच्या नशिबात असेल त्याला त्यातलं थोडं थोडं मिळायचं.

नळावरून परत येताना जिन्यात एक माणूस वर चढत होता. हातात अवजारांची पिशवी, बाहीवर ग्रीसचा डाग, डोळ्यांवर चष्मा. चष्मा डावीकडून चढलेला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर फ्रेमी बसवायची. वाकडा चष्मा तिला भातातल्या खड्यासारखा लागायचा.

"तुम्ही आमच्या शेजारच्या खोलीतले?"

"हो. का?"

"का म्हणून वर विचारताय? आमच्याकडची कडी कोण काढणार होतं?"

तो जिन्यातच थांबला. चेहरा असा पडला, की दुसरं कोणी असतं तर विरघळलं असतं. "अरे देवा... चुकलं. लायब्ररीतून फोन आला, लिफ्टमध्ये एक आजोबा अडकले होते. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. तसाच पळालो."

"आजोबा सुटले?"

"सुटले. लिफ्टही चालू केली."

"छान. जगाला सोडवा, शेजाऱ्यांना अडकवा."

"तुमच्या हनुवटीला..." तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. माहीत नव्हतं. वर जाऊन आरशात पाहिलं तेव्हा हनुवटीवर फेस वाळून बसला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी चिक्कूने तिला त्याच लायब्ररीत नेलं. मनोऱ्यावरून शहर बघायला तिकीट होतं, लायब्ररीच्या गच्चीवरून फुकट. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. वाटभर ती कडीवाल्याला नावं ठेवत होती आणि चिक्कू ऐकत होती. ऐकून ऐकून जिन्याच्या तोंडाशी चिक्कूचा संयम संपला.

"एक सांगू? रागवायचं तर रागव. वड्याचं तेल वांग्यावर काढणं बंद कर आता. तो बिचारा कडी विसरला. तुला सोडून गेला तो दुसरा."

"मला कोणी सोडून गेलेलं नाही. तो अजून आलेला नाही."

"तेच म्हणतेय मी," चिक्कू म्हणाली. "चल, जिन्याने जाऊ. व्यायाम होईल."

"तू जा जिन्याने," ती म्हणाली, आणि पाय आपटत लिफ्टमध्ये शिरली. दुरुस्त झालेली लिफ्ट होती, त्याच्याच तोंडचं ऐकलेलं.

दोन मजल्यांच्या मध्ये कुठेतरी लिफ्टने हिसका दिला आणि ती थांबली.

तिने घंटा दाबली, दारावर थापा मारल्या. भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटायला लागल्या. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, "आत किती जण आहात?"

"एकटीच."

वरचा आवाज चपापला. "शेजारीणबाई...?"

तिने डोळे मिटले. "ही तुम्ही दुरुस्त केली होती ना?"

"सकाळी दार बिघडलं होतं, ते नीट केलं. आता दुसरंच काहीतरी गेलंय. म्हातारी झालीये हो ती."

"एका दिवसात दोनदा कोंडलंत मला."

"सकाळी बाहेर ठेवलं होतं. कोंडलं ते आत्ताच."

तिला हसू येता येता राहिलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"आता नीट ऐका," त्याचा आवाज बदलला, शांत झाला. "मी मेन स्विच बंद करतोय आणि त्याला माझं कुलूप लावतोय. किल्ली माझ्या खिशात. म्हणजे चुकूनसुद्धा कोणी लिफ्ट चालू करणार नाही. मग मी हाताने चाक फिरवून तुम्हाला मजल्यापर्यंत आणीन. आतला दिवा जाईल. घाबराल?"

"नाही," ती म्हणाली. आवाज कापला.

"बरं. मग तुम्ही बोलत राहा, मला कळेल तुम्ही ठीक आहात."

"काय बोलू?"

"सकाळचं उरलं असेल ना काही? ते बोला."

दिवा गेला. अंधारात तिने सुरुवात केली. बेजबाबदार माणसं, पाट्या न वाचणारी माणसं, स्वतःपुरतं दार लावून घेणारी माणसं. वर कुठेतरी चाक कुरकुरत फिरत होतं, लिफ्ट बोटा-बोटाने सरकत होती, आणि तिचा आवाज चढत होता. "...आणि जाताना सांगायचंसुद्धा नाही. दुसऱ्याने दाराशी बसून राहायचं. आलो की बोलू म्हणालात, बोलायला काय धाड भरली होती? एक शब्द टाकला असता तर मी काय मेले असते का?"

चाक थांबलं.

"असं मी कधी म्हणालो?" त्याने हळूच विचारलं.

तिने जीभ चावली. अंधारात गाल तापलेले तिला कळत होते. "तुम्ही नाही," ती म्हणाली.

चाक पुन्हा फिरायला लागलं. दार सरकलं, उजेड आत आला, आणि तो गुडघ्यावर बसून हात पुढे करत होता. मजला अजून हातभर वर होता. त्याचा हात ग्रीसने माखलेला. तिने आधी तो नाकारला, मग चढता येईना म्हणून धरला. वर आल्यावरही तो थोडा जास्त वेळ तिच्या हातात राहिला. कोणाच्या चुकीने, हे दोघांनीही तपासलं नाही.

लायब्ररीच्या कॅन्टीनमध्ये त्याने चहा मागवला. वरून धावत खाली आलेल्या चिक्कूने आधी मैत्रिणीला मिठी मारली, मग चहाचे पैसे कोण देतंय याची खात्री करून घेतली, आणि मग पाऊस थांबला का ते बघायला म्हणून शहाण्यासारखी बाहेर गेली.

"तो चष्मा काढा," ती एकदम म्हणाली.

"का?"

"सकाळपासून माझं डोकं फिरवलंय त्याने. द्या इकडे."

तिने गरम पाण्याचा ग्लास मागवला, चष्म्याची काडी त्यात बुडवून मऊ केली आणि अंगठ्याने अलगद वळवली. मग पुढे वाकून चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. कानामागून बोट फिरवून काडी बसली का ते पाहिलं. दिवसातून कितीदा तरी ती हे करायची, कितीतरी कानांवर. आज बोट गरम लागत होतं, पाण्यामुळे असेल.

"हलू नका."

"मी हलत नाहीये. मी श्वाससुद्धा घेत नाहीये."

"घ्या. चष्म्याला चालतो."

तो इतक्या जवळून बघत होता, की तिने नजर फ्रेमवर खिळवली. मग हात मागे घेत, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ते तुमचं कुलूप. तुम्ही लावलं, तर दुसरं कोणी काढू शकत नाही?"

"नाही. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. तो आत खाली काम करत असला आणि वरून कोणी स्विच दाबला, तर जीव जाईल त्याचा."

"आणि लावणारा परत आलाच नाही तर? घरी निघून गेला, विसरला, तर लोकांनी काय जिने चढत बसायचं जन्मभर?" आवाज पुन्हा धारदार झाला होता.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "त्याला आधी हाक मारायची," तो सावकाश म्हणाला. "तो इमारतीत नाही याची पक्की खात्री करायची. मग दुसऱ्या माणसाला समोर उभं करून कुलूप तोडायचं. एकट्याने नाही तोडायचं."

"मला काय त्याचं," ती म्हणाली, आणि चहा अर्धा टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दारावर पलीकडून टकटक झाली. "कडी काढलीय," त्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा टकटक. "खरंच काढलीय. एकदा ढकलून बघा." तिने ढकलून पाहिलं. दार उघडलं, आणि पलीकडचं दार पटकन मिटताना दिसलं. आरशाखाली तिचा काल नळावर विसरलेला ब्रश धुऊन ठेवलेला होता. चिक्कू पांघरुणात तोंड खुपसून हसत होती.

"हसू नकोस," ती म्हणाली. "संध्याकाळच्या बसने आपण जाणार. तो कुठला, मी कुठली."

"मी कुठे काय म्हणाले?"

दिवसभर त्या शहर पायाखाली घालत फिरल्या. बागा, पूल, फुकटची दोन संग्रहालयं. तिला त्यातलं काही दिसलं नाही. हाक मारायची, तो म्हणाला होता. संध्याकाळी सामान बांधायला खोलीवर आल्यावर ती फोन घेऊन खिडकीशी उभी राहिली आणि तिने महिनोन्महिने न लावलेला तो नंबर लावला. वर्षभराचं भाषण घशाशी आलं होतं, पहिल्या शब्दापासून पाठ.

"हॅलो?" एका बाईचा आवाज. मागे कुकरची शिट्टी. "कोण हवंय? नाही हो, असं कोणी नाही इथे. हा नंबर माझाच आहे, झाले की आता बरेच महिने. आधीच्या माणसाने सोडला असेल."

तिने फोन ठेवला. इतके महिने ती ज्या दाराशी बसून कडाडून भांडत होती, त्याच्या आत कोणी नव्हतंच. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि या वेळी तो स्वतःवरच होता. केवढं मोठं वर्ष वाया घालवलं एका बंद नंबरसाठी.

"मी खाली भाडं देऊन येते," चिक्कू म्हणाली. "तोंड धू आणि ये. बस थांबणार नाही."

तोंड धुवायला ती बाथरूममध्ये गेली. सवयीने हात मागे आपल्याच खोलीच्या दाराच्या कडीकडे गेला आणि कडी लागली. पलीकडे अवजारांची पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. तो परत आला होता. ती ओल्या तोंडानेच त्याच्या दारापाशी गेली आणि तिने टकटक केली.

त्याने दार उघडलं. चष्मा वाकडा होता. डावीकडूनच, कालच्यापेक्षा जास्त.

"हे काय?" ती कडाडली. "काल मी इतका नीट बसवला होता. पडलात का कुठे?"

"नाही."

"मग?"

"मुद्दाम वाकवला," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "म्हटलं, जाताना एकदा तरी रागवायला याल."

"फ्रेम तुटली असती, अक्कल आहे का?"

"तुमच्या दुकानात नवी मिळाली असती. तुमच्या गावात लिफ्ट आहेत ना?"

"आहेत. सारख्या बंद पडतात."

"वा," तो म्हणाला, मनापासून.

ती हसणार होती, पण आधी बोलायचं राहिलं होतं. "हाक मारली मी," ती म्हणाली. "तो इमारतीत नाही. केव्हाच गेलाय. पक्की खात्री केली."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा शांत झाला, काल लिफ्टपाशी त्याचा आवाज झाला होता तसा.

"कुलूप तोडायला दुसरा माणूस लागतो, असं तुम्हीच सांगितलंत," ती म्हणाली. "एकटीने तोडायचं नाही. मग असे उंबऱ्यात काय उभे आहात? आणि मी अजून चिडलेलीच आहे, हे लक्षात ठेवा. तुम्ही मला आवडता म्हणून तर जास्तच."

"चालेल," तो म्हणाला, आणि उंबरा ओलांडून आत आला. मान खाली घालून, चष्म्यासकट.

मागे तिच्या खोलीच्या दारावर धपाधप थापा पडल्या. "अगं, कडी का लावलीस? बस सुटेल! तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत!" चिक्कू जीव तोडून ओरडत होती.

तिचं बोट त्याच्या कानामागे होतं. तिने ते काढलं नाही.

"जिने लावलीय तीच काढेल," ती म्हणाली. "थांब जरा."