बंद शीतघरातलं गरम पाणी

विश्वास ठेवा अथवा नका ठेवू. माझी आतेबहीण थट्टेतही खोटं बोलत नाही.

तिच्या नवऱ्याचं आइस्क्रीमचं दुकान. मागे शीतघर, वर घर. तिचा धाकटा भाऊ बाळ्या फ्रीज दुरुस्त करायचा. शीतघराच्या यंत्राची उष्णता वाया जाते, म्हणून त्याने ती पाइपातून वरच्या टाकीत आणली.

"ताई, पहाटेच्या अंघोळीला फुकट गरम पाणी. पूजा तुझी, पुण्य माझं!"

गेल्या थंडीत तो शीतघराचा पंखा बघायला आत गेला. दार लागलं.

सकाळी सापडला...

"आतून उघडायची मूठ होती गं," नवरा रडत म्हणाला. "घाबरून सापडली नसेल त्याला."

तिने विश्वास ठेवला.

शीतघर रिकामं केलं. यंत्राची वायरही काढली.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी पहाटे, तिने सवयीने तोच नळ सोडला.

पाणी कोमट होतं... अंगाइतकं.

आदल्या दिवशीच्या उन्हाने टाकी तापली असेल, असं तिला वाटलं. पण रोज येत राहिलं. रोज किंचित गार.

आणि पाइपातून आवाज...

टक. टक. टक.

नवव्या दिवशी तिने बाळ्याच्या कामातल्या जोडीदाराला बोलावलं. त्याने टाकीला हात लावून पाहिला.

"ताई, हे यंत्र उष्णता बनवत नाही. आत जे ठेवलंय, त्याच्यातली काढून वर देतं. आत काय आहे?"

"काहीच नाही."

दोघं खाली गेले. खोली रिकामी. दाराला आतून मूठच नव्हती. नुसती तिच्या स्क्रूंची चार भोकं... जुन्या गंजाची.

नऊ दिवस तिने ते पाणी अंगावर घेतलं होतं.

नवरा जेवायला बसल्यावर तिने विचारलं.

"कामगार उन्हाळ्यात आत गारव्याला बसायचे. म्हणून काढली मूठ."

"बाळ्याला सांगितलं होतंत?"

तो ताटाकडे बघत राहिला. "राहून गेलं."

"आणि मला?"

"तुला उगाच त्रास नको म्हणून..."

दुसऱ्या दिवशी नळाला बर्फासारखं पाणी आलं. पाइपही गप्प. संपलं, असं तिला वाटलं.

काल तिचा फोन आला. ऐन उन्हाळा, आणि नवरा स्वेटर घालून बसतो. डॉक्टरांना काही सापडत नाही. त्याचा हात रोज आदल्या दिवसापेक्षा गार लागतो.

आणि नळाचं पाणी...

पुन्हा तापायला लागलंय.

"अगं, भावोजींना पाण्याचं सांगितलंस का?" मी घाबरून विचारलं.

फोनमध्ये तिच्यामागे कुठेतरी... टक. टक. टक.

"राहून गेलं," ती हळूच म्हणाली.