खुंटावरची पूड

काचघरातल्या मधल्या कुंडीत वीतभर उंचीचा हिरवा खुंट उभा होता. त्यावर कलम करून बावीस वर्षं वाढवलेला, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पसरलेला निवडुंग मात्र गायब होता.

"बरोब्बर जोडावर कापलाय!" निवडुंगमहर्षी ओरडले. ही पदवी त्यांना निवडुंगप्रेमींच्या मंडळाने दिली होती आणि ते ती सहीतही लिहीत. "उद्या प्रदर्शनात या जातीला माझं नाव मिळणार होतं. बाई, मला चोर हवाय. त्याला मी जन्माची अद्दल घडवीन."

गुप्तहेरबाई वाकल्या. खुंटाच्या जखमेवर तपकिरी पूड अगदी कडेपर्यंत नीट पसरलेली होती. त्यांचे थोरले बंधू दादा मदतीला म्हणून येत आणि बहुधा मध्ये मध्ये येत. तेही वाकले.

"बिस्किटांचा वास येतोय," दादा म्हणाले. "भूक लागली बुवा."

बाईंनी मातीत बोट खुपसलं. खडखडीत कोरडी. "याला पाणी कधी घालता?"

"दर रविवारी, बादलीभर. कालच घातलं. थंडी असो की ऊन, नियम म्हणजे नियम."

शेजारचे दातांचे डॉक्टर त्याच प्रदर्शनात नऊ वर्षं दुसरं बक्षीस घेत होते. त्यांनी पिवळी पडलेली बोटं पुढे केली. "मी कापला असता तर जखम सुकवायला गंधक लावलं असतं. दुसरं काही मी घरात ठेवत नाही. आणि कापायचाच असता तर नऊ वर्षं कशाला थांबलो असतो?"

महर्षींच्या धाकट्या भावाला काचघराच्या जागी गाडी लावायची होती. तो म्हणाला, "वहिनींची भीती नसती, तर कुंड्यांसकट सगळं फेकलं असतं. एकच तुरा वेगळा कापत कोण बसतं?"

दिवाणखान्यात मासिकातली मुलाखत चौकटीत लावली होती. त्यातलं एक वाक्य बाईंनी दोनदा वाचलं : 'पत्नीचा हातभार? छे, ती फक्त चहा करते!'

महर्षींच्या पत्नी, म्हणजे वहिनी, चहा घेऊन आल्या. बोटांना चिकटपट्ट्या होत्या. "आज चव वेगळी लागेल हं. दालचिनी संपली."

दादांनी तरीही दोन कप घेतले. मग बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"चोर तुरा घेऊन पळतो," त्या म्हणाल्या. "मागे राहिलेल्या खुंटाची जखम सुकवत बसत नाही. ते फक्त अशा माणसाकडून होतं, ज्याच्या हाताला कापल्यावर पूड लावायची वर्षानुवर्षांची सवय आहे. म्हणजे धाकटे भाऊ सुटले. पूड गंधकाची नाही, म्हणजे डॉक्टरही सुटले. दादाला वास आला तो दालचिनीचा. आणि या घरातली दालचिनी आजच संपलीय."

दादांनी कपात डोकावून पाहिलं.

"राहिलं पाणी. थंडीत हा निवडुंग झोपलेला असतो. दर रविवारी बादलीभर मिळालं असतं, तर पहिल्याच हिवाळ्यात सडला असता. महर्षी, तुम्ही त्याला कधी पाणी घातलेलंच नाही."

महर्षींचा चेहरा पडला. "तू? अगं, पण का?"

"तुऱ्यातून साधे कोंब फुटतात," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "वेळेवर खुडले नाहीत, तर सगळा तुराच साधा होऊन जातो. बावीस वर्षं खुडले मी. तुम्ही त्यातला एक तरी कोंब पाहिलाय? मुलाखत छापून आली, त्याच दिवशी कापणार होते. पण तेव्हा तुम्हाला पुरेसं लागलं नसतं. म्हणून त्याला तुमचं नाव मिळायच्या आदल्या दिवसाची वाट पाहिली."

"कुठाय तो?"

"माझ्या कपाटावर सुकतोय. सुकला की नव्या खुंटावर चढेल. माझ्या बहिणीच्या घरी. मीही तिथेच चाललेय."

"बाई, बघताय काय? चोर सापडला ना तुम्हाला?"

"सापडला," गुप्तहेरबाई उठल्या. "उद्या तो हार घालून घेणार होता."

वहिनींनी कुंडी उचलली आणि महर्षींच्या मांडीवर ठेवली. "हा खुंट न्या प्रदर्शनात. याला तुमचं नाव शोभेल. आणि सत्कारानंतर मंडळी घरी आली, तर चहा तेवढा तुम्ही करा."