मागचं डावं दार

पत्रा चेपतो, फायबर चेपत नाही. फायबरवर घाव बसला तर तो तडकतो, नाहीतर उसळून परत सरळ होतो. एवढं ध्यानात ठेव, म्हणजे मला पुढे मध्येच थांबायला नको. कंदील राहू दे तिथेच, वारा नाही आज.

मिरकरवाडा बंदरावर माझी शेड आहे. लाकडी होड्यांना बाहेरून फायबर चढवायचं काम तेव्हा नवीन होतं आणि माझं बरं चाललं होतं. सत्त्याऐंशी साली, शिमगा उरकल्यावर, जैनुद्दीन शेडवर आला. माझा शाळासोबती, कुवेतला नोकरीला. येताना त्याने माझ्यासाठी अत्तराची बाटली आणली होती. ती हातात पडली तेव्हाच मी ओळखलं, की याचं काहीतरी अवघड काम आहे.

काम त्याच्या वडिलांच्या गाडीचं होतं. गुलाम रसूलचाचांची ती काळी मॉरिस आम्ही लहानपणापासून पाहिलेली. चाचा तिच्यातून खाडीपलीकडच्या गावांना माणसं पोचवायचे. वाटेत कोणी हात केला की गाडी थांबायची, मग तो ओळखीचा असो वा नसो. पूल तेव्हा नव्हता. दोन होड्यांवर फळ्या ठोकून केलेल्या तराफ्यावरून गाडी पलीकडे जायची. एका पावसाळ्यात तराफा कलंडला आणि गाडी चाचांसकट पाण्यात गेली. ओढून काढली तेव्हा चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली होती. चाचा पोहण्यात पटाईत, सहज बाहेर पडले असते. पण ते सापडले मागच्या सीटवर, डाव्या दाराशी. पाण्याने ढकललं असेल, असं लोक म्हणाले आणि विषय मिटला.

त्यांची धाकटी मासूमा तेव्हा रांगत होती. ही सासरी जाईल ती याच गाडीतून, असं चाचा येईल त्याला सांगायचे. आता तिचा निकाह ठरला होता, आणि त्याच्या आईने, हफीजाचाचीने, धरून ठेवलं होतं की नवऱ्याचा तो शब्द खरा झालाच पाहिजे. इंजिन जैनूने चालू करून घेतलं होतं. पण खाऱ्या पाण्याने पत्र्याची पार चाळण झाली होती. बोट लावलं की गंज हातात यायचा.

फायबरची होईल का, असं त्याने विचारलं. होडी होते तर गाडी का नाही, असं मी ऐटीत म्हटलं. जन्मात गाडीला हात लावला नव्हता, पण ते त्याला कशाला सांगा.

काम असं असतं. जुना भाग ठोकून, लांबी म्हणजे पुट्टी भरून गुळगुळीत करायचा, त्याला मेण लावायचं आणि त्याच्यावर साचा घ्यायचा. मग त्या साच्यात आतून रंगाचा थर, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझीनचा चिकट रस. वाळलं की नवा भाग सुटून येतो, हुबेहूब जुन्यासारखा. बॉनेट, मडगार्ड, तीन दारं, सगळं झकास निघालं. जैनू रोज येऊन हात फिरवायचा आणि मीही उगाच मिशीला पीळ द्यायचो.

मागच्या डाव्या दाराच्या जुन्या पत्र्यावर मुठीएवढे उंचवटे होते. बाहेर आलेले, कोणीतरी आतून ठोकल्यासारखे. चाचांची आठवण आली. मी ते हलक्या हाताने बसवले, वर लांबी भरली आणि साचा घेतला. साचा आरशासारखा निघाला.

त्यातून सुटून आलेल्या दारावर मात्र ते उंचवटे होते.

हवा अडकली असणार, असं मी स्वतःला समजावलं. दार फोडून टाकलं आणि दुसरं ओतलं. या वेळी ब्रशने बोटबोटभर दाबून हवा काढली. ते दारही तसंच निघालं. मी साच्यात हात घालून पाहिलं, कुठे खड्डा नाही. दारावर कुठे तडा नाही. मग घट्ट साच्यात बसलेलं दार बाहेरच्या अंगाला फुगेल कसं? मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त राग आला. माझ्या हातचं काम असं कोणी बिघडवायचं नाही.

जैनू म्हणाला, सोड, भाड्याची गाडी आणू. मी नाही म्हटलं. चाचीला घरी जाऊन सांगितलं, तर ती मला म्हणाली, "बसव तसाच. मी येतंय."

भरदुपारी ती आली. वाऱ्याने धूळ उडत होती म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं होतं. आत अंधुक उजेड, रेझीनचा नाकात झोंबणारा वास. दार मी सांगाड्यावर बसवलं, स्क्रू आवळले आणि उघडायला कडी फिरवली. फिरली नाही. जोर लावला, पाय टेकवून ओढलं. दार ढिम्म हललं नाही. रेझीनच्या वासातून दुसराच एक वास येऊ लागला... खाडीच्या चिखलाचा.

मग आतून ठोकलं.

जोरात नाही. दमलेला माणूस ठोकेल तसं. थांबून... परत.

गाडी रिकामी होती. मला काचेतून पलीकडची भिंत दिसत होती. मी कडी सोडली नाही. सोडली असती तर पुन्हा त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं धाडस मला झालं नसतं. चाची पुढे झाली आणि तिने उंचवट्यावर तळवा ठेवला.

"मासूमाचे आब्बा..." ती हळूच म्हणाली. काही झालं नाही. ठोकणं चालूच.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. हिंदू असो, मुसलमान असो, म्हाताऱ्या तर मुळीच नाहीत. चाचीचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. मग तिने डोळे पुसले.

"गुलाम रसूल," ती म्हणाली. "मी हय उभी हाय. बाहेर या."

कडी माझ्या हातात आपोआप फिरली. दार उघडलं आणि माझ्या पायांवर बादलीभर पाणी सांडलं, खारं आणि गार. चाची त्या ओल्यात बसली आणि बऱ्याच वर्षांचं रडली. मी दारावर हात फिरवला. गुळगुळीत होतं.

निकाहाच्या दिवशी मॉरिस झेंडू लावून निघाली. चाची दारात उभी राहून हसत होती. इतकं समाधान मला कुठल्याच कामाने दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जैनू गाडी धुवायला शेडवर घेऊन आला आणि बहिणीची थट्टा करू लागला. मागे नवरा-नवरी दोघंच, तरी ही मासूमा डाव्या दाराकडची जागा मोकळी सोडून नवऱ्याला खेटून बसली होती म्हणे, सासर येईपर्यंत.

तो गेल्यावर मी फडकं घेऊन मागच्या डाव्या दाराशी बसलो. वर सगळं सपाट होतं. खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, नवे उंचवटे होते. आवळ्याएवढे. कुठे तडा नाही.

चाचा काच खाली असून मागे का गेले होते, ते मला तेव्हा कळलं. वाटेत कोणीतरी हात केला असणार. एवढंसं एखादं पोर, जे खाडीत वाहून गेलं आणि ज्याला शोधत कोणी आलंच नाही.

मी कडी फिरवली. फिरली नाही.

गाडी अजून माझ्याच शेडमध्ये आहे. जैनू नेतो म्हणतो, मी देत नाही. रोज त्या दाराशी बसतो आणि सुचेल त्या नावाने हाक मारतो. आतून ठोकणं तेवढ्यापुरतं थांबतं, ऐकल्यासारखं... आणि ते आपलं नाव नाही हे कळलं की परत सुरू होतं.