दोन कुंच्या

निर्मला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे, आणि बाळंतपणाच्या रजेतही तिच्या डोक्यातला फळा पुसला गेला नव्हता. बाळाला उचकी लागली की तिच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, एक दोरा ओला करून टाळूवर ठेवत. निर्मला तो ठेवू देई. उचकी थोड्या वेळाने आपोआप थांबते हे तिला ठाऊक होतं, आणि दोऱ्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. दृष्ट काढलेल्या मिरच्यांचा ठसका कधी येतो आणि कधी येत नाही, याचंही कारण तिच्याजवळ तयार होतं. पण ते तिला कुणी विचारलं नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या आतल्या गल्लीत त्यांचं भाड्याचं घर होतं. पुढे जाळीचा व्हरांडा, मध्ये दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराबाहेर शहाबादी फरशीचं लहानसं अंगण. अंगणात पाण्याची टाकी, धुण्याचा दगड आणि भिंतीला लागून पाटा-वरवंटा. नवरा सोमशेखर वारणानगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट होता, सकाळच्या एस.टी.ने जाई आणि दिवेलागणीला परत येई. १९९८च्या जानेवारीत त्यांना मुलगी झाली. निर्मलाची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच झालं आणि त्यासाठी अव्वा कुरुंदवाडहून मुक्कामाला आल्या.

बारसं घरीच केलं. त्या घराण्यात बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात जाई. त्याला न्हाऊ घालायचं, कुंकू लावायचं, अंगडं-कुंची चढवायची आणि गुंडप्पा म्हणायचं. बाळाला दगडासारखं टणक आयुष्य लाभावं, इतकाच त्यामागचा हेतू. दोन बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहत आणि एकदा गुंडप्पा, एकदा बाळ, असं पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देत. शेवटी आत्या बाळाच्या कानात नाव सांगे. अव्वांनी आपल्या जुन्या इरकल लुगड्यातून दोन कुंच्या शिवल्या होत्या, एकाच मापाच्या. वरवंट्याचं आणि बाळाचं वजनही जवळपास सारखंच असणार, असं निर्मलाच्या मनात येऊन गेलं.

आत्या म्हणजे सोमशेखरची थोरली बहीण, आजऱ्याला दिलेली. तिला सगळे आक्काच म्हणत. फोटोसाठी आक्काने चष्मा काढून ठेवला होता. हातात आलेल्या कुंचीला तिने तोंड लावलं आणि पुढच्या रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे नाव सांगितलं, भूमिका. मग मुका घ्यायला कुंची मागे सारली, तर आत काळा दगड.

बायका हसून लोटपोट झाल्या. "आक्का, धोंड्याचं बारसं केलंस की गं!" कुणीतरी म्हणालं, आणि आक्का स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अव्वा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आक्काच्या हातातून वरवंटा काढून घेतला. घेताना एक हात त्याच्या कुंचीखाली दिला, तान्ह्या मुलाची मान सावरतात तसा.

पुढे पाळणा म्हटला गेला, घुगऱ्या वाटल्या गेल्या. बाळाच्या कानात नाव पुन्हा सांगायचं राहून गेलं. पाहुणे गेल्यावर हे निर्मलाच्या लक्षात आलं, पण त्यात काही राहिलं असं तिला वाटलं नाही. नाव लागतं ते महानगरपालिकेच्या दाखल्यावर, आणि तिथे ते लागलं होतं.

त्यानंतरचे महिने सगळ्या घरांत जातात तसेच गेले. तेल, शेक, धुरी, दुपट्यांची वाळवण, अर्धवट झोप. मुलीने मान धरली, मग ती कुशीवर वळली, मग पालथी पडून स्वतःच्याच पराक्रमाने रडू लागली. ती हसरी होती, अंगाने भरत होती. निर्मलाला या काळात एकच गोष्ट खटकली, तीही किरकोळ. अव्वा नातीला नावाने हाक मारत नसत. कानडीत बाळाला कूसू म्हणतात. तेवढं एकच संबोधन त्यांनी धरून ठेवलं होतं.

वरवंट्याचा विषय प्रथम तानाबाईने काढला. ती बाळाला न्हाऊ घालायला येई आणि जाता जाता खर्डा वाटून देई. उन्हाळ्यातल्या एका सकाळी ती हात पुसत आत आली आणि म्हणाली, "वैनी, वरवंटा गरम लागतोय." निर्मलाने तिला सांगितलं की काळा दगड उष्णता पटकन धरतो आणि सावकाश सोडतो. तानाबाईने मान डोलावली. मात्र त्या भिंतीचं तोंड पश्चिमेकडे होतं आणि ऊन तिच्यावर दुपारनंतर येई, हे निर्मलाला उत्तर देऊन झाल्यावर सुचलं.

श्रावणात झड लागली. कोल्हापूरचा पाऊस एकदा बसला की भिंतींना ओल येते, कपड्यांना वास येतो, भांडी हाताला गार लागतात. तानाबाईने खर्डा मिक्सरमध्ये करा म्हणून सांगितलं. कारण काही दिलं नाही. निर्मला बाळाचा थर्मामीटर घेऊन अंगणात गेली आणि छत्री धरून तो वरवंट्याच्या पोटाखाली सरकवला. पारा बाळाच्या काखेत जिथे थांबे, तिथे येऊन थांबला. तिने तो झटकून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. थर्मामीटर बिघडला असा तिने निष्कर्ष काढला आणि शाहूपुरीतून नवा आणला. नवा तिने दगडाला लावला नाही.

तोवर खऱ्या काळजीने घरात पाय ठेवला होता. मुलगी नावाला ओळख देत नव्हती. चमचा वाटीवर वाजला की वळे, कुकरच्या शिटीला दचके, बापाच्या चपलांचा आवाज दारात आला की हात हलवी. "बाळा" म्हटलं की हसे. "भूमिका" म्हटलं की मात्र काही घडत नसे. कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कान उत्तम आहेत, असं सांगून त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि समजावलं की काही मुलांचे कान चांगले असतात, पण मूल आतल्या आतच राहतं, माणसांत येत नाही. वर्षापर्यंत वाट पाहायची. तोवरही नावाला वळली नाही, तर मिरजेला दाखवायचं.

त्या दिवसापासून निर्मला मुलीला दिवसभर नावाने हाका मारू लागली. व्हरांड्यातून, खाटेमागून, मऊ आवाजात, करड्या आवाजात. गणपतीच्या सुमारास मुलीत बदल झाला, पण हवा होता तो नव्हे. नाव ऐकलं की ती आता वळू लागली. हाक मारणाऱ्याकडे नव्हे, मागच्या दाराकडे. वर्गात हजेरी घेताना शेजारच्याचं नाव पुकारलं की मुलं ज्या सहजपणे त्याच्याकडे पाहतात, तशी ती पाही आणि पुन्हा आपल्या खुळखुळ्यात गुंते.

याच हाकांच्या दिवसांत निर्मलाला तो आवाज ऐकू आला. दगडावर दगड थोडासा फिरतो, तो.

पाटा उतरता असतो आणि वरवंटा गोल. तिने लाकडाची पाचर मारून तो पक्का केला. पुढच्या खोलीतून नवऱ्याचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं, काही नाही. मुलीचं घेतलं, मागे खरखर झाली. 'भू' या अक्षराच्या खर्जाने दगड कंप पावत असेल, ही शक्यता उरत होती. म्हणून ती त्याच पट्टीत "भूमिती, भूमिती" असं ओरडली. शेजारच्या बाईंनी जाळीतून विचारलं की घरी शिकवण्या सुरू केल्यात का. अंगणात सगळं शांत होतं.

रविवारी तिने सोमशेखरला अंगणात उभं केलं आणि पुढून मुलीच्या नावाने हाक मारली. तो बऱ्याच वेळाने आत आला. माठातलं पाणी प्याला.

"काय झालं?"

"हललं."

"पाचर निघाली असेल."

"पाचर हाय तिथंच हाय." त्याने भांडं पालथं घातलं. "तू पुन्हा हाक मारू नकोस."

त्याने वरवंटा पंचगंगेत सोडून येण्याची तयारी दाखवली. निर्मलाने नकार दिला. दगड टाकून द्यायला काहीतरी कारण असावं लागतं, आणि जे कारण होतं ते मान्य करायला ती तयार नव्हती. मग अव्वा, आजवर या विषयात तोंड न उघडलेल्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "दुसरं नाव ठेव गं. एका नावाला दोघं ओ देत न्हाईत." आणि लगेच तांदूळ निवडायला लागल्या.

निर्मलाने आणखी काही दिवस काढले. वर्षाची मुदत जवळ येत होती आणि मिरजेचा रस्ता तिला झोपेत दिसत होता. शेवटी एका दुपारी ती मुलीजवळ आडवी झाली, तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "शिवांजली."

मुलगी वळली. आईच्या डोळ्यांत पाहून तोंडभर हसली आणि तिने आईचं नाक धरलं.

कॉलेजात तिने सांगितलं की जुनं नाव उच्चारायला जड होतं. घरात ते नाव कुणी घेईनासं झालं आणि अंगणातली खरखर थांबली. ज्याला हाकच नाही त्याने ओ कशी द्यावी, इतका साधा तो व्यवहार होता. दिवाळीत निर्मलाला टायफॉईड झाला. औषधं कडक होती, म्हणून मुलीचं अंगावरचं तोडलं. दूध आटलं. शिवांजली रांगू लागली, वाटी-चमच्याने पेज खाऊ लागली, दिवसातून शंभरदा नावाला वळू लागली. डॉक्टरांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं की मिरजेला जायची आता गरज नाही.

वाढदिवसाला आक्का आजऱ्याहून आली. हातात काजूंची पिशवी, बसच्या धुळीने चेहरा राखेसारखा झालेला. नाव बदलल्याचं तिला पत्राने कळवलं होतं, पण जिभेची सवय पत्राने मोडत नाही. फाटकातूनच ती मोठ्याने म्हणाली, "कुठं हाय गं आमची भूमिका?"

व्हरांड्यात बसलेल्या शिवांजलीने मागच्या दाराकडे पाहिलं.

निर्मलाच्या छातीत कळ आली. ओळखीची, मुंग्यांसारखी, काखेकडून पुढे सरकत येणारी. तिने पदर ओढून घेतला. पोलक्यावर ओल पसरत होती.

तिला याची यंत्रणा माहीत होती. मेंदू, संप्रेरक, सवयीचा संकेत; मूल रडलं की आईला पान्हा फुटतो, कधी नुसत्या आठवणीनेही. आटलेलं दूधही क्वचित परत येऊ शकतं. तिने आक्काच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, शिवांजलीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पोलकं धुऊन येते म्हणून मागचं दार उघडलं.

अंगणात थंडीतलं कोवळं ऊन होतं, पण भिंतीपर्यंत पोचलेलं नव्हतं.

पाचर जागेवर होती.

टाकीकडे जाताना ती पाट्यापाशी वाकली. का वाकली, ते तिला सांगता आलं नसतं. पोलक्यातून दोन थेंब सुटले. एक फरशीवर पडला, एक वरवंट्यावर.

फरशीवरचा थेंब तसाच राहिला, पांढरा आणि फुगीर.

वरवंट्यावरचा दिसेनासा झाला.

बेसाल्ट घट्ट असतो. तो दूध शोषत नाही. तिने बोटाने चाचपून पाहिलं. दगड कोरडा होता, आणि ऊबदार.

आतून आक्काचा आवाज आला. शिवांजली आईसाठी रडायला लागली होती.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. निर्मलाने दुसरा थेंब पडू दिला.

मग तिने मागचं दार ओढून घेतलं, फरशीवर मांडी घातली आणि एक हात वरवंट्याखाली दिला, तान्ह्या मुलाची मान सावरतात तसा.